बर्मा टीकचा प्रवास

गिरगावात जुनी चाळ पाडली की 'बर्मा टीक'च्या, म्हणजे ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) सागाच्या, तुळयांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण ते लाकूड रानातून बाहेर कसं यायचं, हे समजून घेण्यासारखं आहे.

ओंडके नदीतून वाहून न्यायचे, पण ताजा तोडलेला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाड उभं असतानाच बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं फिकट लाकूड कापून, गाभ्यापर्यंत खाच पाडत. मग साधारण तीन वर्षं ते तसंच वाळू देत. फिकट लाकडाची एखादी पट्टी जरी राहिली, तरी रस वर चढत राही, झाड जगे आणि ओंडका जडच राही. खाच फार खोल गेली तर वाऱ्याने झाड मोडे. हे काम घाईचं नव्हेच.

वाळलेले ओंडके हत्ती ओढ्यापर्यंत ओढत. पावसाळ्यात पूर आला की ते वाहत मोठ्या नदीत जात, तिथे तराफे बांधून रंगून बंदराकडे. पाऊस कमी झाला तर माल पुढच्या पुरापर्यंत अडकून पडे. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन याच धंद्यातून वाढली. आज चाळीतली जुनी तुळई विकत घेताना आधी खिळ्यांच्या जागा तपासा; आत राहिलेला खिळा करवतीचे दात मोडतो.