बेस ऐकू येतोय का?

फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकणाऱ्याला त्रिकुटातला तिसरा माणूस कधी भेटतच नाही. पियानो ठणठणतो, झांजा चुरचुरतात आणि मधे नुसती पोकळी. त्या पोकळीत डबल बेस असतो. सहा फुटांच्या आसपास उंचीचं ते लाकडी धूड, शेजारी उभं राहून, जवळजवळ मिठी मारूनच वाजवावं लागतं. त्याच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा. फोनमधल्या नखाएवढ्या स्पीकरला तो कुठून झेपणार? मग लोक म्हणतात, जॅझ जरा विस्कळीतच वाटतं बुवा. वाटणारच, ज्याने सगळं धरून ठेवलंय त्यालाच वगळून ऐकलं तर!

बरा हेडफोन लावून विजय अय्यरच्या त्रिकुटाचा २०२१चा ‘अनइझी’ हा अल्बम ऐकून बघा. अय्यर मूळच्या तमिळ आईबापांचा, अमेरिकेत वाढलेला पियानोवादक. ड्रम्सवर टायशॉन सोरी, ज्याला २०२४ साली संगीतरचनेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं. आणि बेसवर लिंडा मे हान ओ. जन्म मलेशियातला, वाढली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, नाव कमावलं न्यूयॉर्कमध्ये. मी पहिल्यांदा ऐकलं ते अय्यरसाठी, आता ऐकतो ते बरंचसं तिच्यासाठी. डावं बोट तारेवरून सरकल्याची बारीक खरखर, उजव्या बोटाने तार ओढून सोडली की आधी मांसाचा आणि मग लाकडाचा आवाज. आपल्याकडे तानपुरा गाण्याच्या पाठीशी बसून राहतो, हा बेस मात्र सारखा चालत असतो. वादक त्याला ‘वॉकिंग’च म्हणतात. चालता चालता तो पुढचा सूर कुठे पडणार हे पियानोला सुचवतो, कधी चकवतोही. २०२४मध्ये याच तिघांचा ‘कम्पॅशन’ आला. त्यातही माझे कान आधी खालच्या मजल्यावरच जातात.

बेसला हा मान नेहमीच होता असं नाही. बराच काळ त्याचं काम ठोके मोजून देण्याचं. मग २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड हे तळघरातलं क्लब, पियानोवादक बिल एव्हन्सचं त्रिकुट आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू. स्कॉट लाफारो हा २५ वर्षांचा बेसवादक तिथे साथ करत नाही, चक्क पियानोशी बोलतो. मधेच तोडतो, उलट उत्तर देतो. मागे लोकांची कुजबुज आणि ग्लासांची किणकिण स्पष्ट ऐकू येते. इतकं चांगलं वाजत असताना ही माणसं काय बोलत असतील, याचा मला अजून राग येतो. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. आजचं कुठलंही पियानो-त्रिकुट ऐका, त्या रविवारचं काहीतरी त्यात सापडतंच.

पुढे सत्तरच्या दशकात बेसला पिकअप, म्हणजे कंपनं टिपणारं छोटं उपकरण, लावून त्याची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात जोडायची टूम निघाली. सोयीची होती, आवाजही मोठा यायचा. पण लाकूड गेलं आणि रबर आलं. त्या काळातल्या काही उत्तम वादकांच्या तबकड्या मला एवढ्यासाठीच ऐकवत नाहीत. नंतर काहींनी हट्टाने मायक्रोफोन पुन्हा लाकडासमोर आणून ठेवला. सध्याच्या नव्या ध्वनिमुद्रणांमध्ये जो बेस ऐकू येतो तो या हट्टाचा वारसा. तोर्ड गुस्ताव्हसेन या नॉर्वेजियन पियानोवाल्याचा २०२४चा ‘सीइंग’ घ्या. जर्मन संगीतकार बाखची कोराल्स, म्हणजे चर्चमधली समूहगीतं, नॉर्वेतली चर्चगीतं, अगदी संथ लय. सूर कमी, त्यामुळे स्टाइनार राक्नेसच्या बेसचा एकेक सूर उमटून विरेपर्यंत पुरता ऐकता येतो.

आपल्या कानांना हा आवाज परका नाही, एवढं जाता जाता सांगतो. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोवेकर वादक दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकरांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या गाण्यांच्या तळाशी डबल बेस असायचा. आपण वर लतादीदींकडे बघत राहिलो.

एक मात्र फार उशिरा लक्षात आलं. या धुडाचा विमानप्रवास म्हणजे खर्च आणि काळजी दोन्ही. म्हणून कितीतरी बेसवादक दौऱ्यावर आपलं वाद्य नेतच नाहीत. ज्या गावी जातील तिथे मिळेल ते उसनं घेऊन वाजवतात. पियानोवाल्याचंही तेच, पण त्याला कुणी निदान दोन-तीन चांगले पियानो दाखवतं. बेसवाल्याच्या नशिबी जे येईल ते. म्हणजे त्याचा स्वतःचा, वर्षानुवर्षं हाताखालचा बेस ऐकायचा तर घराजवळच्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण गाठणं बरं. ‘अनइझी’ डिसेंबर २०१९मध्ये माउंट व्हर्ननला झालं. हे गाव न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला अगदी लागून. आता नवीन अल्बम घेताना मी कलाकारांच्या नावांखालची बारीक अक्षरं आधी वाचतो, आणि नकाशा उघडून बघतो, बेसवाल्याला तिथवर टॅक्सीने जाता आलं असेल का.