मागच्या सीटचा विमा

दिवाळीला तीन आठवडे घरी आलो आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. लहान भावानं आठ दिवसांपूर्वी पुसदहून एक जुनी पांढरी कार घेतली, १००० सीसीच्या आतली. बाबांना महिन्यातून दोनदा यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागतं आणि एसटीचा प्रवास त्यांना आता झेपत नाही, म्हणून घेतली. आईनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी ओसरीत बसून मी कागदांची पिशवी उघडली. आरसी, पीयूसी, पॉलिसी. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, नुसती थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर तेवढंच भरून देणारी, आणि संपायला बारा दिवस.

"थर्ड पार्टी हाये ना दादा," भाऊ म्हणाला. "पोलिसाले दाखवापुरतं झालं. फुल कायले काढाची? तेवढ्यात खताच्या बॅगा येते."

त्याला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण सात वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये पहिली गाडी घेतली तेव्हा मीही हाच हिशोब केला होता. त्याचं काय झालं ते आज सविस्तर लिहितो. गावाकडे आता घरोघरी गाड्या आल्या आहेत, आणि विमा काढताना अजूनही सगळे फक्त चालानाचा विचार करतात.

आम्ही डॅलसजवळ राहतो. तिकडे सक्तीचा असतो तो लायबिलिटी विमा, म्हणजे आपली थर्ड पार्टीच. टेक्सासची किमान मर्यादा ३०/६०/२५ अशी लिहितात आणि आकडे हजारांत वाचतात. चूक तुमची असेल तर समोरच्या एका जखमीला जास्तीत जास्त ३० हजार डॉलर, सगळ्या जखमींना मिळून ६० हजार, आणि गाडी, कुंपण वगैरे मोडलं तर २५ हजार. त्यावरचा खर्च तुमच्या खिशातून. राज्य बदललं की आकडे बदलतात. कॅलिफोर्नियात कित्येक वर्षं १५/३०/५ होतं, ते १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ झालं. आपल्याकडे मात्र थर्ड पार्टीत जीव गेला किंवा माणूस जखमी झाला तर रकमेला अशी मर्यादाच नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनीनं द्यायची. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, कारसाठी साडेसात लाख. या बाबतीत आपला कायदा तिकडच्यापेक्षा उदार आहे, आणि हे मला तिकडे गेल्यावरच कळलं.

माझी गाडी कर्जावर होती. कर्ज देणारे आणखी दोन गोष्टी घ्यायलाच लावतात, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. इथे मी पहिल्यांदा फसलो. आपल्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सगळं, ज्याला गावात फुल किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात. तिकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे टक्कर सोडून बाकीचं: चोरी, आग, पूर, गारपीट, काच फुटणं. गाडी कशावर आदळली तर ते कोलिजन, आणि ते वेगळं घ्यायचं. गारपीट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झोपलेला हरभरा आणि संत्र्याचा सडा येतो. उत्तर टेक्सासमध्ये दर उन्हाळ्याच्या तोंडाशी लोक आभाळाकडे बघून गाड्या छताखाली लावायला धावतात. माझ्या गाडीच्या टपावर एकदा वीस मिनिटांत लिंबाएवढे खड्डे पडले होते. ते कॉम्प्रिहेन्सिव्हमधून निघाले, पहिले ५०० डॉलर मी भरले आणि पुढचे कंपनीनं. या पहिल्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ती जास्त ठेवली की हप्ता कमी होतो.

हरणाचं तर आणखी बारीक आहे. हरीण थेट गाडीवर आलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. त्याला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि झाडाला धडकलात तर कोलिजन. हे ऐकलं तेव्हा मला दारव्हा रस्त्यावरची रोही, म्हणजे नीलगाय, आठवली. रात्री पऱ्हाटीतून एकदम डांबरावर येते, आणि हेडलाइटमध्ये तिचे डोळे दिसेपर्यंत ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, बसतात. पण नुसती थर्ड पार्टी असेल तर रोहीनं बोनेट चेपलं काय किंवा बाभळीनं, एक रुपया मिळत नाही.

आता माझ्या एका सहीबद्दल.

पॉलिसी घेताना एजंटनं दहा-बारा कागद पुढे सरकवले, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी लावलेली. त्यातल्या दोन कागदांवर लिहिलं होतं की मला पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन नको आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर नको. टेक्सासचा कायदा चांगला आहे. ही दोन कव्हर कंपनीनं द्यायचीच, आणि ग्राहकाला नको असतील तर त्यानं लेखी नकार द्यायचा. नकार दिला की हप्ता थोडा कमी. मी न वाचता दोन्हीकडे सही केली. आपल्या मनात एकच असतं, कायद्याला लागतं तेवढं झालं ना.

दीड वर्षानं एका लाल सिग्नलला आम्ही थांबलो होतो आणि मागून एक जुना पिकअप येऊन आदळला. बायको शेजारी बसली होती. रक्त कुठेच नव्हतं, पण तिची मान वळेना. पिकअपवाला भला माणूस, पुन्हा पुन्हा माफी मागत होता. त्याचा विमा तीन महिन्यांपूर्वी बंद पडलेला. चूक शंभर टक्के त्याची, पण ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे नाहीत त्याच्याकडून वसूल काय करणार? अशाच वेळेसाठी अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर असतं. आणि पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, ज्याला सगळे पीआयपी म्हणतात, ते चूक कुणाचीही असो, गाडीतल्या सगळ्यांचा औषधोपचार आणि बुडालेल्या पगाराचे ८० टक्के देतं. किमान २,५०० डॉलरचं मिळतं. दोन्ही मी सहीनं नाकारली होती. गाडी कोलिजनमधून दुरुस्त झाली. बायकोच्या मानेचं बिल, एमआरआय, फिजिओथेरपी हे आम्ही आठ महिने हप्त्यानं फेडलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. रात्री मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून झोपायची, आणि मला झोप लागायची नाही.

गाडीच्या पत्र्याचा विमा मी काढला होता, शेजारी बसणारीचा काढला नव्हता. कारण पत्र्याचा कर्जवाल्यानं मागितला आणि तिचा कुणी मागितला नाही.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "म्हणजे बाबाले या थर्ड पार्टीत काही नाही?"

हाच खरा प्रश्न आहे. समजा भाऊ गाडी चालवतोय, मागे बाबा बसलेत, आणि अंधारात दिवा-रिफ्लेक्टर नसलेल्या कापसाच्या ट्रॉलीला भाऊ मागून धडकला. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ट्रॉलीवाल्याला भरपाई मिळते, पण खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसाला ती पॉलिसी धरत नाही. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याचंही तेच, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे गावातली फुल, तर आतले लोक धरले जातात. शिवाय चालक-मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो घ्यायलाच हवा, फक्त तेवढाच दुसरीकडे आधीपासून असेल तर सूट मिळते. सोबत्यांसाठी प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वेगळा जोडता येतो. किती मोटरसायकलींवर आपण मायबहिणींना मागे बसवून बाजाराला नेतो, त्यांचा विचार करा.

पैशाचं म्हणाल तर १००० सीसीपर्यंतच्या कारची थर्ड पार्टी जून २०२२ ला ठरलेल्या दरानं २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा. ती नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्या वेळी दंड ४,०००. त्यावर ओन डॅमेजचा हप्ता गाडीच्या आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे आज तिची जी किंमत धरतात त्यावर ठरतो. जुन्या गाडीला तो जड जात नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, आणखी एक. विकत घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येते, ओन डॅमेज येत नाही, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो. आरसीवर नाव न बदलता वर्षानुवर्षं गाडी फिरवणारे आमच्याच गावात पाच-सहा आहेत. अपघात झाला की नोटीस जाते ती कागदावरच्या मालकाला. भावाची आणखी एक कल्पना होती, दवाखान्याला जाताना दोन सीट भरून डिझेलपाणी काढायचं. ते मी बंद केलं. खासगी पॉलिसीवर भाडं घेतलं की कंपनी क्लेम नाकारू शकते. टेक्सासमध्येही साध्या पॉलिसीवर टॅक्सी चालवणाऱ्यांचं असंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला आरटीओत गेलो. फॉर्म २९ आणि ३० भरले, चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, पावती घेतली. मग एजंट घरी आला. जुनी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी होती म्हणून त्यानं गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. या वेळी सही करण्याआधी भावानं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. "सोबत्याईचं पण टाका," तो म्हणाला.

छापील कागद आला तेव्हा बाबा चष्मा लावून खाटेवर बसले होते. "याच्यात मायं नाव कुठं हाये?"

"नाव नसते बाबा," भाऊ त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला. "गाडीत बसला त्याचं असते."

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी केली आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवून दिली.