आंदोराला जाताय? व्हिसावरचा एंट्रीचा आकडा आधी बघा

'आंदोराला व्हिसा लागत नाही' हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते खरंही आहे. ९० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी आंदोरा स्वतःचा व्हिसा मागत नाही. पण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने तेवढ्यावर विसंबून बुकिंग केलं, तर पैसे आणि सुट्टी दोन्ही पाण्यात जाऊ शकतात.

फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज डोंगरात वसलेला हा ४६८ चौरस किलोमीटरचा देश. इथे विमानतळ नाही, रेल्वेही नाही. जायचं तर स्पेनमधून किंवा फ्रान्समधून, रस्त्याने. ते दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, आंदोरा नाही. म्हणजे बार्सिलोनाला उतरलात ती पहिली एंट्री. आंदोरात शिरलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परतीला स्पेनमध्ये पाऊल टाकलंत ती दुसरी एंट्री.

म्हणून एकदाच आत येऊ देणारा सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीच्या संख्येचा एक छोटा रकाना असतो. त्यात ०१, ०२ किंवा 'मल्ट' (मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा) छापलेलं असतं. ०१ असेल तर आंदोरा या खेपेला सोडून द्या. आत जाताना अनेकदा कोणी अडवत नाही, आणि लोक नेमके तिथेच फसतात. तपासणी होते ती बाहेर पडताना. तेव्हा एंट्री संपलेली असेल, तर तुम्ही अशा देशात अडकता जिथून थेट घरी येणारं विमानच नाही. 'मित्राला कोणी विचारलं नाही' हा भरवसा धरू नका.

मोनॅको, सॅन मरिनो आणि व्हॅटिकनला ही अडचण येत नाही, कारण त्यांच्या हद्दीवर पासपोर्ट तपासणीच नसते. लिकटेनस्टाइन तर २०११पासून शेंगेनमध्येच आहे. त्यामुळे छोट्या देशांचे नियम एकाच मापाने मोजू नका.

अर्ज करताना काय करायचं? आंदोरातले दिवस शेंगेनमधले धरले जात नाहीत. उरलेल्या दिवसांत जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करा. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. बार्सिलोनात चार रात्री, आंदोरात तीन आणि फ्रान्समधल्या तुलूझमध्ये एक, असा बेत असेल तर अर्ज स्पेनकडे जाईल. फॉर्ममध्ये दोन किंवा मल्टिपल एंट्रीवर खूण करा, पण तेवढ्यावर थांबू नका. कव्हर लेटरमध्ये दिवसवार लिहा: अमुक तारखेला आंदोरात प्रवेश, अमुक तारखेला स्पेनमध्ये परत. सोबत आंदोरातलं हॉटेल बुकिंग आणि जाण्या-येण्याच्या बसचा तपशील जोडा. दुसरी एंट्री कशासाठी हवी, हे कागदावर दिसलंच पाहिजे. नाहीतर फाइल बघणारा अधिकारी सिंगल देऊन मोकळा होतो, आणि स्टिकर हातात आल्यावर बदलून घेणं फार अवघड.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवसही लागतात. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा हवा.

विम्यात एक खाच आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, पण पॉलिसीवर फक्त 'शेंगेन देश' लिहिलं असेल तर आंदोरात ती लागू होईलच असं नाही. स्कीइंगला जाणार असाल तर हे फार महत्त्वाचं. पॉलिसीत आंदोराचं नाव लिहून घ्या आणि स्कीइंग त्यात धरलंय का तेही विचारा.

दिवस मोजताना हात आखडता ठेवा. आंदोरातल्या दिवसांची नोंद सीमेवर होईलच याची खात्री नसते, म्हणून ते दिवसही व्हिसावरच्या मुक्कामाच्या दिवसांतच धरून बेत आखा. हॉटेलची बिलं आणि बसची तिकिटं परत येईपर्यंत जपून ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर ईईएस ही बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. एखादा दिवस जास्त राहिलात, तर तिथे लगेच दिसतं.

बार्सिलोना आणि तुलूझ, दोन्हीकडून बसने साधारण तीन तास लागतात. हिवाळ्यात फ्रान्सच्या बाजूचा पास दे ला कासाचा रस्ता बर्फामुळे अडू शकतो. परतीचं विमान असेल त्याच दिवशी आंदोरातून निघू नका, एक रात्र आधीच खाली या. पासपोर्ट बॅगेत खोल ठेवू नका, सीमेवर बस थांबली की तो हातात लागतो. कस्टम्सही तिथेच. कर कमी म्हणून लोक दारू-सिगारेटी भरून आणतात, पण माणशी मर्यादा आहे: सिगारेटी ३००, कडक दारू दीड लिटर. चलन युरोच. मात्र युरोपचं रोमिंग पॅक आंदोरात चालतं का, हे सिम घेतानाच विचारा. अनेक पॅकमध्ये तो देश नसतो, आणि सीमा ओलांडताच बिल धावायला लागतं.