एकाच फॉर्मवरचे दोन रकाने

आमच्या साताऱ्याकडे फौजेतून आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, गावात तो 'मेजर'च. हे मेजर तोफखान्यातले हवालदार. माझ्या वकिलीच्या ऑफिसच्या अकरा पायऱ्या ते आडवे होऊन चढले. आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात बाजाराच्या पिशवीत घातलेली फाईल. वहिनी दोन पायऱ्या मागे होत्या, पण हात देत नव्हत्या. दिलेला मेजरांना आवडत नसणार.

बोलण्यातून कळलं ते असं. १९९१ ला भरती, २०१५ ला हवालदार म्हणून निवृत्त. घरी येताना दोन्ही गुडघे गेलेले. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. घरातला संडास जुन्या पद्धतीचा, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती त्यावर ठेवतात. हे वहिनींनी सांगितलं, तेव्हा मेजर खिडकीबाहेर बघत होते.

निवृत्तीआधी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तपासणी, झालं होतं. दोन्ही गुडघ्यांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज; अपंगत्व ३० टक्के, कायमचं. आणि खाली निकाल: सेवेमुळे उद्भवलेलं नाही, सेवेमुळे बळावलेलंही नाही. हे वाक्य पडलं की सर्व्हिस पेन्शन मिळते, अपंगत्वाची वेगळी रक्कम मिळत नाही, मग टक्केवारी विसाच्या वर असली तरी. पहिलं अपील त्यांनी गावातल्या एका निवृत्त क्लार्ककडून लिहून घेतलं. फेटाळलं गेलं. दुसरं केलं, तेही गेलं. दोन्ही पत्रांत बोर्डाचं तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं.

"मॅडम, मी खोटं बोलतोय असं लिहिलंय का यात?"

तसं लिहिलेलं नव्हतं. पण चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते तसंच ऐकू आलं, आणि यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फाईल रात्री घरी नेली. बोर्डाचा फॉर्म हातात आला की मी निकालाचं पान शेवटी उघडते. आधी पोस्टिंगची यादी वाचते: कुठे, किती काळ, फील्ड (सीमेवरची, खडतर) की पीस (शांत भागातली). जम्मू-काश्मीरला तीनदा. १९९९ ला, कारगिल युद्धात, द्रास. पुढे एक छापील प्रश्न होता: हा आजार सेवेत येण्यापूर्वी होता का? समोर पेनाने लिहिलेलं, 'नाही'. आणि निकालाच्या पानावर कारण दिलेलं: झिजेचा आजार, सुरुवात पीस स्टेशनला, म्हणून सेवेशी संबंध नाही.

दोन्ही पानं शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. भरतीच्या वेळी गुडघे ठणठणीत होते, हे तेच बोर्ड म्हणतंय. मग अडतिसाव्या वर्षी ते झिजले कशाने? २०१० मध्ये पीस स्टेशनला फक्त एक्स-रे काढला गेला होता. जिथे एक्स-रे निघाला तिथेच आजार सुरू झाला, असं धरून टाकलं. सांधा एका पोस्टिंगमध्ये झिजत नाही, हे डॉक्टरांना मी सांगायचं का? या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो, कारण अशाच फाईली माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट आला असं मानायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. शंका असेल तर फायदा जवानाला. आणि बोर्डाने नुसता निष्कर्ष लिहायचा नाही, कारणं द्यायची. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे आमचा अर्ज गेला तो एवढ्याच जोरावर.

तारखा पडत गेल्या. शेवटी सुनावणीचा दिवस आला तेव्हा आम्ही रात्रीच्या एसटीने निघालो. पुण्यापुढे मेजर उभ्यानेच आले. बसून राहिलं की गुडघे धरतात, मग उतरता येत नाही.

खंडपीठावर दोघे असतात: एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य. हे दुसरे निवृत्त लष्करी अधिकारी. सरकारी वकील सज्जन गृहस्थ, त्यांनी त्यांचं काम नीट केलं. वयोमानाप्रमाणे गुडघे सगळ्यांचेच झिजतात, बोर्ड तज्ज्ञांचं आहे, त्यांच्या मताचा मान राखावा. मी ते दोन रकाने वाचून दाखवले. दहा मिनिटांत माझं बोलणं संपलं.

तेवढ्यात प्रशासकीय सदस्यांची नजर मागच्या रांगेत गेली.

"कौन सी गन पर थे?"

मेजर उठले. समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, आधी कंबर, मग एकेक गुडघा. कोणी घाई केली नाही. उभे राहिल्यावर त्यांनी हात सोडले आणि सावधान झाले.

"बोफोर्स, सर."

"द्रास में?"

"जी सर. अम्युनिशन नंबर."

"गोला कितने का?"

"तैंतालीस किलो के आसपास, सर. गन पे क्रेन है. गाड़ी से गन तक हम लाते थे."

"बैठ जाइए," न्यायिक सदस्य म्हणाले. बसायलाही तेवढाच वेळ लागला.

निकाल गोळ्याच्या वजनावर लागला नाही, हे मला सांगायलाच हवं. तो कायद्यावर लागला, आणि तसाच लागायला हवा. नाहीतर ज्याने गोळे वाहिले नाहीत, स्वयंपाकघर सांभाळलं, गाड्या चालवल्या, त्याने काय करायचं? त्याचेही गुडघे त्याच डोंगरांत गेलेले असतात.

अपंगत्व सेवेमुळे बळावलेलं धरलं गेलं. ३० टक्के धरायचे ते ५० म्हणून. टक्के असे वर धरण्याचा हा फायदा तेव्हा नोकरीची मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळत असे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने पक्कं केलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं व्हायच्या आत अर्ज गेला होता, म्हणून थकबाकी पहिल्या दिवसापासून. पंधरा-वीस वर्षांनी येणाऱ्यांना मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे साधारण मागच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळत आली आहे. अशी माणसं समोर बसली की मला फार वाईट वाटतं. फेटाळल्याचं पत्र ट्रंकेत ठेवून देऊ नका हो. त्यासोबत बोर्डाचा पूर्ण फॉर्म मागून घ्या.

बाहेर व्हरांड्यात मेजरांनी विचारलं, "आता कागदावर काय लिहिणार?"

"सेवेमुळे बळावलेलं."

त्यांनी वहिनींना फोन लावला. टक्के सांगितले नाहीत, रक्कम विचारलीच नव्हती. "नोकरीनंच झालं म्हणून लिहून देतायत," एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

अंमलबजावणीला पुढे महिने गेले. पेन्शनचा सुधारित आदेश आला, थकबाकी जमा झाली, त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गवंडी घरी होता, कमोड बसवणं चाललं होतं. फरशी कापायच्या मशीनचा आवाज एवढा होता की मेजरांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं.