हेन्रीच्या वहीतलं न आलेलं बिल

लेकीच्या बाळंतपणासाठी बोस्टनला येऊन मला अडीच महिने झाले होते, आणि त्या अडीच महिन्यांत मी जी काही अमेरिका पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोर पार्किंग, पलीकडे एक मेपलचं झाड. ते झाड हिरव्याचं लाल झालं तेव्हा लेक म्हणाली, "आई, उद्या शनिवार. आम्ही दोघंही घरी आहोत. तू कुठेतरी फिरून ये बघू. एकटी. आणि दर तासाला फोन करून बाळानं दूध प्यायलं का विचारायचं नाही."

कुठे जायचं ते मला चाळीस वर्षं माहीत होतं. सांगलीला सहकारी बँकेत नुकतीच लागले होते तेव्हा वाचनालयातून दुर्गा भागवतांचं 'वॉल्डनकाठी विचारविहार' आणलं होतं. हेन्री डेव्हिड थोरो नावाचा कुणी अमेरिकन तळ्याकाठी खोपट बांधून राहिला, एवढंच तेव्हा कळलं होतं. निसर्ग, एकांत वगैरे पानं मी भराभर उलटली, खोटं कशाला बोलू. मी अडकले पहिल्याच प्रकरणात. तिथे चक्क खर्चाचा तक्ता आहे. फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट. जुन्या हजार विटा ४ डॉलर. चुना २ डॉलर ४० सेंट, पुढे शेरा: महाग पडला. गिलाव्यात घालायचे केस ३१ सेंट, शेरा: गरजेपेक्षा जास्त. खडू १ सेंट. वाहतूक १ डॉलर ४० सेंट, कारण बराच माल पाठीवरून आणला. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. साहित्यिक म्हणवणारा माणूस अर्धा सेंटही सोडत नाही, हे पाहून मी पेन्सिल घेऊन बेरीज केली. बरोबर निघाली. त्या दिवसापासून तो माझा माणूस.

नॉर्थ स्टेशनहून फिचबर्ग लाईनची गाडी पकडली. ही लाईन थोरोच्याच काळातली, १८४४ साली कॉन्कॉर्डला पोचलेली. पुस्तकात तिचाही हिशेब आहे. फिचबर्ग तीस मैल, भाडं ९० सेंट, म्हणजे मजुराची जवळजवळ दिवसाची कमाई. थोरो मित्राला म्हणतो, तू भाडं कमावत बस, मी चालत निघतो आणि रात्रीच्या आत पोचतो, मग सांग लवकर कोण गेलं? गुडघे बरे असते तर मीही हा युक्तिवाद मान्य केला असता. लिंकन स्टेशन मागे पडलं तशी उजव्या खिडकीला टेकून बसले. झाडांच्या फटींतून क्षणभर पाणी चमकलं आणि गेलं. तळ्याच्या इतक्या जवळून रूळ जातात याचा मला धक्काच बसला. माझ्या डोक्यातला थोरो घनदाट अरण्यात होता. हा बाबा तर रोज शिट्टी ऐकत होता.

कॉन्कॉर्ड स्टेशनपासून तळं दोन-अडीच किलोमीटर. मध्ये एक मोठा हायवे ओलांडावा लागतो. ऑक्टोबरातही लोक पोहत होते, अंगाला घट्ट काळे सूट घालून, आणि पाणी असं स्वच्छ की काठचे गोटे मोजता यावेत. तळ्याला तळ नाही अशी गावात समजूत होती. थोरोनं गोठलेल्या बर्फावर उभं राहून दोरीला दगड बांधून खोली मोजली: १०२ फूट. वर्षानुवर्षं लोक बोलत बसतात आणि कुणी दोरी सोडून बघत नाही, हे मी आमच्या बँकेच्या कर्जवसुलीतही पाहिलं आहे.

याच तळ्यातून १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजुरांनी बर्फाच्या लाद्या कापल्या. बोस्टनचा बर्फ त्या काळी भुशात गुंडाळून जहाजानं कलकत्ता, मद्रास, मुंबईपर्यंत जात असे. थोरोनं लिहून ठेवलंय की मुंबईचे घामेजलेले लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात. सकाळी तो चार्ल्स विल्किन्सच्या इंग्रजी भाषांतरातली गीता वाचत होता आणि समोर तळं कापलं जाऊन हिंदुस्थानच्या वाटेला लागत होतं. आयात-निर्यात दोन्ही एकाच काठावर.

पार्किंगजवळ त्याच्या घराची हुबेहूब प्रतिकृती आहे. दहा फूट बाय पंधरा फूट. आमच्या सांगलीच्या घराचं देवघर आणि कोठीची खोली एकत्र केली तर एवढं भरेल. पलंग, टेबल, शेकोटी, आणि त्या प्रसिद्ध तीन खुर्च्या: एक एकांताला, दोन मैत्रीला, तीन समाजाला. एक तरुण जोडपं आत उभं राहून 'आपणही असंच राहायला हवं' या अर्थाचं काहीतरी बोलत होतं. त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्येच त्या खोपटातलं निम्मं सामान मावलं असतं.

खरी जागा तळ्याच्या उत्तरेला, झाडीत. १९४५ साली रोलंड रॉबिन्स या गृहस्थांनी खणून चुलाण्याचा पाया शोधला, आता तिथे दगडी खांब रोवून चौकोन आखलाय. शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेल्या दगडांचा ढीग. मीही एक दगड ठेवला आणि एका ओंडक्यावर बसून डबा उघडला. मेथीचे ठेपले, लिंबाचं लोणचं. आणि जुनी खोड जागी झाली: हिशेब तपासायची.

बेरीज बरोबर आहे हे मी पूर्वीच पाहिलं होतं. पण ३४ वर्षं बँकेत काढल्यावर माणसाला बेरजेत रस उरत नाही. काय लिहिलेलं नाही ते आधी दिसतं. जमीन त्याच्या लेखक मित्राची, इमर्सनची, भाडं नाही. कुऱ्हाड उसनी (ती घेतली त्यापेक्षा धारदार करून परत दिली, असं तो अभिमानानं सांगतो, आणि ते मला आवडतं). बहुतेक फळ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वे मजुराच्या खोपटाच्या. ४ डॉलर २५ सेंटांना आख्खं खोपट विकत घेतलं. त्यात नवरा, बायको, तान्हं मूल राहत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटलं. एका गाठोड्यात संसार: अंथरूण, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी सुटली, रानात गेली आणि पुढे सापळ्यात पाय पडून मेली. हे सगळं त्यानंच लिहिलंय, लपवलेलं काही नाही. पण ती माणसं कुठे गेली याची नोंद नाही. साधी राहणी उभी राहिली ती दुसऱ्याच्या मोडलेल्या बिऱ्हाडाच्या लाकडावर.

आणि मग धुणं. आठ महिन्यांच्या खर्चाच्या यादीत त्यानं प्रामाणिकपणे एक टीप टाकली आहे: कपडे धुणं आणि शिवणटिपण बहुतेक घराबाहेर झालं, त्याची बिलं अजून आलेली नाहीत. कुणाकडून यायची ते लिहिलेलं नाही. दीड मैलावर आईचं घर होतं. ती बाई घरात पैसे देणारे बिऱ्हाडकरू ठेवून संसार चालवत होती. मी ऑडिटला असते तर विचारलं असतं, "साहेब, देणं मान्य केलंत, मग तरतूद कुठे आहे?"

हे वाचून त्याला भोंदू ठरवणारे लोक आहेत. मी त्यांतली नाही. त्याचं पहिलं पुस्तक १८४९ साली आलं, हजार प्रती छापल्या, चार वर्षांनी ७०६ परत घरी आल्या. माझ्या ग्रंथालयात नऊशेच्या आसपास पुस्तकं आहेत आणि त्यांतली सातशेहून जास्त मीच लिहिलीत, असं म्हणून तो मोकळा झाला. छपाईचं कर्ज मात्र त्यानं जमिनी मोजून, घरच्या पेन्सिलींच्या धंद्यात राबून फेडलं. असा कर्जदार कुठल्याही शाखेला चालला असता. शिवाय त्याचं ते एक वाक्य. एखाद्या वस्तूची किंमत म्हणजे तिच्या बदल्यात द्यावं लागणारं आयुष्य, लगेच किंवा पुढे कधीतरी. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढलेले एक काका माझ्या काउंटरवर हप्ता भरायला यायचे. त्या मुलीचं पहिलं मूल शाळेत जायला लागलं तरी येतच होते. मांडव एका दिवसाचा होता. कर्जाच्या अर्जात रकमेच्या रकान्याशेजारी 'किती वर्षं आयुष्य' असा एक रकाना असता तर निम्मे अर्ज तिथेच फाटले असते. आमच्या साहेबांना अर्थातच ते परवडलं नसतं.

गावात परत आले. चौकाजवळ जुन्या तुरुंगाच्या जागेची खूण आहे. जुलै १८४६ मध्ये थोरो चांभाराकडे दिलेला बूट आणायला गावात आला आणि डोईपट्टी थकवल्याबद्दल आत गेला. गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चढाई करणाऱ्या सरकारला मी पैसे देणार नाही, हा त्याचा बाणा. एकच रात्र. कुणीतरी परस्पर कर भरून टाकला, बहुधा त्याच्या आत्यानं. सुटल्यावर तो भयंकर चिडला, मग दुरुस्त झालेला बूट घालून रानफळं तोडायला गेला. त्या एका रात्रीवर लिहिलेला निबंध दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला आणि १९०७ साली त्यांनी तो 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांपुढे ठेवला. आपल्याकडे मला आठवतात त्या दुर्गाबाईच. १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. ज्या बाईनं थोरो मराठीत आणला तिनं तो फक्त शब्दांत आणला नाही. त्याच दुर्गाबाईंनी 'खमंग' नावाचं पाककृतींचंही पुस्तक लिहिलं. धुण्याच्या त्या टिपेपाशी भाषांतर करताना त्यांचं पेन क्षणभर थांबलं असेल, असं आपलं मला वाटतं.

तिथून लेक्सिंग्टन रोडनं ऑर्चर्ड हाउस. थकले होते, पण हे घर चुकवायचं नव्हतं. लुईसा मे ऑल्कॉटनं १८६८ साली 'लिटल विमेन' इथे लिहिलं. तिचे वडील ब्रॉन्सन थोरोचे स्नेही, मोठे तत्त्वज्ञ, आणि कमाईच्या बाबतीत पूर्ण निर्विकार. १८४३ साली त्यांनी फ्रूटलँड्स नावाची वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, गुलामांच्या श्रमाचा म्हणून कापूसही नाही. तत्त्वं वावगी नव्हती. पण पुरुष चर्चेला बसायचे आणि कामं लुईसाच्या आईच्या गळ्यात. सातएक महिन्यांत हिवाळ्यात सगळं कोसळलं. लुईसा तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तीस वर्षांनी तिनं त्यावर एक बोचरी गोष्ट लिहिली. तिच्यात पाहुणा विचारतो, इथे ओझ्याची जनावरं आहेत का? आई म्हणते, एक बाई आहे फक्त.

मार्गदर्शक मुलीनं हे सांगितलं तेव्हा आमच्या घोळक्यातल्या बायका हसल्या, पुरुष अर्ध्या सेकंदानं हसले.

लुईसाचं टेबल पाहिलं. दोन खिडक्यांमध्ये भिंतीला बसवलेली अर्धवर्तुळाकार फळी, वडिलांनी करून दिलेली. पोळपाट आणि लाटणं ठेवलं तर भरून जाईल एवढी. तिनं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, एका घरी मोलकरीण म्हणून राहिली, यादवी युद्धात परिचारिका झाली आणि विषमज्वर घेऊन परतली. दरवर्षीची कमाई ती डायरीत मांडून ठेवायची. पहिल्या पुस्तकाचे ३२ डॉलर. मुलींसाठी पुस्तक लिही असं प्रकाशकानं सुचवलं तेव्हा तिला मुळीच उत्साह नव्हता, पण घराला पैसे हवे होते. एकरकमी पैसे न घेता रॉयल्टी घे, असा सल्ला त्याच प्रकाशकानं दिला आणि तिनं ऐकला. पुढच्याच वर्षी घरावरचं सगळं कर्ज फिटल्याची नोंद डायरीत आहे. थोरोच्या तक्त्यातला जो रकाना रिकामा होता तो त्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, एक बाई भरत बसली होती. गंमत म्हणजे लहानपणी थोरोच तिचा शिक्षक होता. फुलंपाखरं दाखवायला रानात न्यायचा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि ते मला पटतं. अशा पुरुषांवर प्रेम करणं सोपं असतं, त्यांचं धुणं आपल्याकडे नसेल तर.

स्लीपी हॉलो स्मशानभूमीत पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. टेकाडावर सगळे शेजारी शेजारी. थोरोच्या दगडावर फक्त 'हेन्री' एवढंच, भोवती लोकांनी ठेवलेल्या पेन्सिली. तो ४४ व्या वर्षी क्षयानं गेला. लुईसा वडिलांच्या मागून दोनच दिवसांनी गेली, मार्च १८८८ मध्ये. पर्समध्ये हात घातला तर शब्दकोड्याची पेन्सिल हाती आली. कुणाला द्यावी ठरेना. गाडीची वेळ झाली होती. तशीच परत ठेवली.

घरी आले तर बाळ झोपलेलं. सोफ्यावर त्याच्या धुतलेल्या कपड्यांची चळत. जावईबापूंनी घड्या घातल्या होत्या, झबल्यांच्या बाह्या बाहेर, दुपट्ट्यांची टोकं कुठल्या कुठे.

"बरोबर आहेत ना, आई?" त्यांनी विचारलं.

"छान आहेत," म्हटलं, आणि तशाच उचलून कपाटात ठेवल्या.