हीथ्रोच्या गेटवर अडकलो ते बडोद्यातल्या आमच्या बँकेमुळे

मार्चमध्ये आम्ही दोघं मुलाकडे लंडनला जाऊन आलो. विमान, इमिग्रेशन, सामान सगळं सुरळीत झालं, अडलं ते हीथ्रो विमानतळावरच्या ट्रेनच्या गेटपाशी. त्याचा राग अजून जात नाही कारण चूक तिथल्या कोणाची नव्हतीच, इथल्या आमच्या बँकेची होती.

मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, हीथ्रो एक्सप्रेसच्या पाट्यांकडे जाऊ नका, ती १५ मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशनला नेते पण फार महाग पडते. भुयारी रेल्वेची गडद निळी पिकॅडिली लाइन घ्या, ती सरळ हॅमरस्मिथ स्टेशनला येते, मी तिथे उभा असतो. तिकीट काढायचं नाही, बँकेचं कार्ड टॅप करायचं म्हणजे गेटच्या मशीनला नुसतं टेकवायचं, पण माणशी वेगळं कार्ड, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाही. म्हणून निघायच्या आधी मी ब्रँचमध्ये दोन खेपा घातल्या, दोघांचे फॉर्म भरले, सह्या केल्या. काउंटरवरचा भाई म्हणाला, "थई गयुं काकी, इंटरनॅशनल चालू छे." मी परत विचारलं, टॅप पण होईल ना? "बधुं चालू छे."

आणि तिथे गेटवर त्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवलं तर लाल लाइट. परत टेकवलं, परत लाल, वर अक्षरं आली 'सीक असिस्टन्स'. ह्यांचं कार्ड टेकवलं, तेच. मागे लाइन लागलेली, आमच्या दोन मोठ्या बॅगा गेटच्या तोंडाशी, एकीत भाकरवडी आणि लोणच्याची बरणी, ती आडवी पडू नये म्हणून ह्यांनी बॅग धरून ठेवलेली. बाजूला झालो. एअरपोर्टचं फुकट वायफाय होतं म्हणून बँकेचं ॲप उघडलं तर ते म्हणे सिम व्हेरिफाय करा, एसएमएस येईल. एसएमएस कुठून येणार, सिमवर रोमिंगच चालू नव्हतं, कार्ड चालेल म्हटल्यावर आम्ही ते घेतलंच नाही. मुलाला व्हॉट्सॲप कॉल केला तर तो भुयारी ट्रेनमध्ये, लागेना. पाऊण तास गेला असा. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर पाऊण तास उभं राहणं म्हणजे काय ते साठीच्या माणसाला विचारा.

शेवटी मशीनपाशी उभ्या असलेल्या स्टाफच्या बाईंना गाठलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, टॅप करू नका, मशीनमध्ये घालून पिन टाका. टाकला, आणि चाललं की! दोन ऑयस्टर कार्डं घेतली, म्हणजे पैसे भरून वापरायची तिथली प्रवासाची कार्डं, कार्डाचे पैसे वेगळे लागले, वर प्रत्येकी २० पौंड भरले. ऑयस्टर टेकवलं आणि सामानाचं रुंद गेट उघडलं तेव्हा मला खरंच रडू आलं.

घरी पोचून मुलाच्या वायफायवर दुसऱ्या दिवशी, रोमिंग घेतल्यावर, ॲप उघडलं तेव्हा कळलं. कार्डाच्या सेटिंगमध्ये इंटरनॅशनलखाली एटीएम वेगळं, दुकानातलं मशीन वेगळं, ऑनलाइन वेगळं आणि टॅप वेगळं, चार बटणं. त्या भाईने पहिली दोनच चालू केली होती. २०२० सालापासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, आपण चालू करायचा. नियम चांगला आहे, चोरी झाली तर आपलंच रक्षण होतं, पण मग काउंटरवर बसणाऱ्याला चार बटणं माहीत नकोत? तुम्ही जाणार असाल तर "चालू आहे" हे ऐकून उठू नका, घरीच ॲप उघडून चारही बटणं डोळ्यांनी बघा. आणि रोमिंगचा छोटा पॅक घ्याच, ओटीपीसाठी.

हो, एक राहिलं, जांभळी एलिझाबेथ लाइन पण तिथूनच सुटते, २०२२ साली सुरू झालेली, जलद आहे पण शहराच्या मधल्या भागात जायला पिकॅडिलीपेक्षा दुपटीहून महाग. आणि फोनने टॅप करून आत गेलात तर बाहेर पण फोननेच टॅप करा, तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी मशीन दोन्ही वेगळी धरतं आणि पैसे जास्त कापले जातात.

ऑयस्टरमधला बॅलन्स संपून जात नाही, म्हणून दोन्ही कार्डं कपाटात ठेवलीत. पुढच्या महिन्यात इथल्या दांडिया बाजारातला माझा भाचा चाललाय, एक त्याला देणार आहे.