बॅटरी भरलेली, तरी सेल लागेना

गवत घोट्याच्या वर गेलं होतं. काही महिने उभा असलेला रायडिंग मोव्हर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, शेडमधून ढकलत बाहेर काढला, सीटवर बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरवली. आतून नुसतंच टकटकटकटक. इंजिन जागचं हललं नाही.

हा आवाज ऐकला की कुणीही म्हणेल, बॅटरी उतरली. मीही तेच धरून चाललो. बॅटरी काढली. काढताना आधी निगेटिव्ह सोडायची, लावताना ती सगळ्यात शेवटी, म्हणजे पाना चासीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. रात्रभर मोकळ्या हवेत चार्जिंगला ठेवली, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. सकाळी मीटर लावला तर 12.7 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. बसवली, चावी फिरवली. पुन्हा तेच टकटक.

सीटखाली, ब्रेकच्या पेडलला आणि पात्याच्या लीव्हरला सेफ्टी स्विच असतात, ते आधी तपासावेत असं वाटलं होतं. पण त्यातला एखादा गेला असता, किंवा फ्यूज उडाला असता, तर सोलेनॉइडला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला करंट जोडून देणाऱ्या स्विचला, करंटच मिळाला नसता आणि आवाजही आला नसता. आवाज येत होता, म्हणून ती बाजू सोडून दिली.

मग संशय सोलेनॉइडवर आला. नवा मागवायच्या बेतातच होतो, पण आधी तो टकटक का करतो हे नीट समजून घेतलं, आणि तिथेच वाट सापडली. सोलेनॉइड म्हणजे एक जाड स्विच. त्याच्या कॉइलला थोडा करंट पुरतो. तो मिळाला की आतला संपर्क जुळतो आणि स्टार्टर एकदम कितीतरी जास्त करंट मागतो. तेवढा मिळाला नाही की व्होल्टेज कोसळतं, कॉइल संपर्क सोडते, व्होल्टेज परत येतं, कॉइल पुन्हा ओढते. हेच सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. म्हणजे सोलेनॉइड स्वतःचं काम करत होता. थोडा करंट जात होता, मोठा मात्र कुठेतरी अडत होता. बॅटरी दमली की असं होतं हे खरं, पण वाटेतला एखादा जोड खराब असला तरी हेच होतं.

आता मोजायचं ठरवलं. सीटवर कुणीतरी बसल्याशिवाय सेल लागत नाही, म्हणून बायकोला बसवलं. गियर न्यूट्रल, पातं बंद, ब्रेक दाबलेला. मीटरच्या दोन्ही सुया थेट बॅटरीच्या खुंटांवर टेकवल्या, वरच्या क्लिपांवर नाही.

“फिरवू?”

“फिरव.”

टकटक सुरू झालं, पण मीटर साडेबाराच्या आसपासच राहिला. दमलेली बॅटरी असती तर सेल मारताना आकडा 9.6 च्याही खाली गेला असता. बॅटरी ठणठणीत होती, तिच्याकडून मोठा करंट कुणी घेतच नव्हतं.

मग एक सुई निगेटिव्ह खुंटावर ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. ही सगळी एकच अर्थिंगची वाट, म्हणजे करंट धातूतून बॅटरीकडे परतायचा रस्ता, त्यामुळे सेल मारतानाही इथे 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. चावी फिरवल्याबरोबर आकडा नाचायला लागला आणि मध्येच दहाच्या वर उडी मारून आला. बॅटरीचा जवळजवळ सगळा जोर त्या वाटेवरच संपत होता. खात्रीसाठी जंप केबल घेतली, एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला लावलं. या खेपेला सेल मारताच इंजिन गरगर फिरलं. तेवढ्या आवाजाने जीव भांड्यात पडला.

मूळ वायरचं दुसरं टोक बॅटरीच्या ट्रेखाली चासीला बोल्टने आवळलेलं होतं. वरून बघितलं तर बोल्ट घट्ट, स्वच्छ, शंका यावी असं काही नाही. खोलल्यावर वायरच्या गोल कडीच्या पाठीवर काळपट थर आणि तिच्याखाली चासीवर तपकिरी गंजाची गोल चकती दिसली. बोटाने घासली तर भुकटी हाताला लागली. बोल्ट, कडी आणि चासी तिन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले, नवा दातेरी वॉशर घातला, आवळलं आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा मोजलं: 0.1 व्होल्ट.

इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. प्लग काढून पाहिला तर कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. टाकीत गेल्या हंगामाचं शिळं पेट्रोल राहिलं होतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत त्याचा चिकट साका बसून मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजला होता. जेट क्लीनरने मोकळा केला, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. चोक ओढून तिसऱ्या सेलला इंजिन धरलं.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंगही नीट होत होतं. हुडच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि ‘अर्थिंग 0.1’ एवढंच लिहिलं आणि अंधार पडायच्या आत अर्धं लॉन कापून काढलं.